एक, दोन, तीन कोणी म्हणायचं

सोमवार, ३ जून
शाळेत सिस्टर बोट दाखवायच्या आणि चिमणी नि मी वर्गातला बाक उचलून हॉलमध्ये न्यायचो. एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला मी. ‘एक, दोन, तीन’ मी म्हणायचे. पुढे याच कारखान्यात पॅकिंगला दोघींनी तीस वर्षं खोकी उचलली, तेव्हाही मोजायचे मीच. आज साहेबांनी जाहीर केलं, वजन कसं उचलावं हे सगळ्यांना चिमणी शिकवणार. आनंद झाला. खरंच झाला. जेवणाचा डबा संपला नाही तो उकाड्यामुळे.

बुधवार, ५ जून
पहिला क्लास. गुडघ्यात वाका, पाठ सरळ, खोकं पोटाशी. कमरेतून वळू नका, पाय वळवा. जड असेल तर ट्रॉली आणा, नाहीतर जोडीदाराला हाक मारा. यात नवीन काय? टाळ्या मात्र केवढ्या! तिला शिट्टीही दिलीय. मला शिट्टीची हौस नाही.
संकल्प: कुणाचा हेवा करायचा नाही.

गुरुवार, ६ जून
शिट्टी लाल आहे.

सोमवार, १० जून
फोरमन म्हणतो, मावशी, तुम्हीपण गुडघ्यात वाका की. म्हटलं, तू रांगत होतास तेव्हापासून मी खोकी उचलतेय. चिमणी हसली. म्हणे, राहू दे रे, ही सिस्टरचंसुद्धा ऐकायची नाही. सगळ्यांसमोर!

बुधवार, १२ जून
उद्या साहेब येतील तेव्हा बेअरिंगचं खोकं एकटीने उचलून दाखवणार. पंचवीस किलो. खरी जाणकार कोण, कळू दे एकदा. घरी पिठाच्या डब्यावर सराव केला. उत्तम. डबा रिकामा होता, पण महत्त्व पद्धतीला.

गुरुवार, १३ जून, दुपारी
उचललं. साहेब बघतायत ना, एवढंच पाहायला कमरेतून जरा वळले. कट्‌ वाजलं. साहेब फोनवर होते.

शुक्रवार, १४ जून
उताणी पडून पेन्सिलीने लिहितेय. या अवस्थेत पेन चालत नाही. डॉक्टर सहा आठवडे म्हणाले. काल स्ट्रेचरवर घ्यायला चौघी आल्या. खांद्यांशी चिमणी होती. म्हणाली, अगं वेडे, हाक का नाही मारलीस? मग ‘एक, दोन, तीन’ म्हणाली. जरासुद्धा धक्का लागला नाही. बरी मोजते.

माझ्या लॉकरमधलं असं द्यावं: पाठीची उशी फोरमनला, त्याचीही कंबर धरते. चहाचा मग सुनेला. हातमोजे नव्या पॅकरबाईला, उजव्याचा अंगठा शिवून. खोक्याची माझी बाजू कुणालाच नको, ट्रॉली वापरावी. मोजणं चिमणीला. ‘सहा आठवड्यांपुरतं’ असं आधी लिहिलं होतं, ते खोडलंय.