पुठ्ठ्यातलं अप्पांचं गॅरेज

३ मार्च, मंगळवार

आज पुन्हा दादाकडे गेले आणि पुन्हा डोकं फिरवून घेऊन आले. अप्पा आणि तो गिअरबॉक्सवर बोलत होते. मी चहा प्यायले, कप विसळले, वहिनीबरोबर भाजी निवडली, बाहेर आले — गिअरबॉक्स चालूच! गॅरेज बंद होऊन वर्ष झालं, जागामालकाने भिंतीसुद्धा पाडल्या, तरी या दोघांचं दुकान अजून उघडंच. मला काय विचारलं? "दात कसे चाललेत?" मी लॅबमध्ये कवळ्या बनवते. अप्पांच्या लेखी माझं काम एवढंच, कुठेतरी दात चालतात.

दादाला अप्पांनी अकराव्या वर्षी गॅरेजात नेलं. मला मात्र दुपारचा डबा घेऊन फक्त दारापर्यंत. आत येऊ नकोस, कपडे खराब होतील. चाळीस वर्षं झाली, माझे कपडे अजून स्वच्छच आहेत.

ठरवलं. अप्पांचं गॅरेज बनवणार. अख्खं, चोवीसपट लहान, पुठ्ठ्याचं. दादाने काम नीट केलं की अप्पा म्हणायचे, "झकास." दारात उभी राहून मी ते कितीदा ऐकलंय! तो एक शब्द मला हवाय. माझ्यासाठी म्हटलेला.

७ मार्च, शनिवार

नवरा म्हणतो, या वयात बाहुलीघर? आणि घरखर्चातून एक दमडी मिळायची नाही. मागितलीय कुणी!

खोक्याच्या पुठ्ठ्याचा वरचा कागद ओला करून सोलला, की आतून पन्हळी निघतात. छपराचे पत्रे झाले. गोळ्यांच्या पाकिटांमागचा चंदेरी कागद बादल्यांना आणि डब्यांना. लॅबमधलं वाया गेलेलं प्लास्टर जमिनीला, उरलंसुरलं मेण पान्यांना आणि हातोड्यांना. खेळण्यातली गाडी तेवढी विकत घेतली, जुन्या बाजारातून, एक चाक गायब असलेली. चाक नाही म्हणून स्वस्तात देतो, विकणारा म्हणाला. मी म्हटलं, चाक असतं तर घेतलीच नसती. जॅकवर चढवून ठेवायला मला अशीच हवी होती. त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी पैसे देऊन निमूटपणे निघाले.

९ मार्च

मागच्या भिंतीवर काय होतं? दारातून दिसायचं नाही, मध्ये गाड्या असायच्या. दादाला विचारलं तर कळेल. विचारणार नाही. जीव गेला तरी नाही.

१० मार्च

विचारलं.

फोन ठेवायलाच तयार नाही! पट्टे कुठल्या खिळ्याला, तुटका आरसा कुठे, कुठल्या कोपऱ्यात पाणी झिरपायचं — सगळं तोंडपाठ. अप्पा शिट्टी वाजवत काम करायचे म्हणे. अप्पा? शिट्टी? घरी कधी ऐकली नाही मी. ही शिट्टीसुद्धा एकट्या दादाच्याच वाट्याला! तो बोलत राहिला, मी हं हं करत सगळं लिहून घेतलं. लाज वाटली, पण घेतलं.

१५ मार्च, रविवार

दादा बघायला आला. मी बोलावलं नव्हतं. टेबलाभोवती फिरला, वाकला, छपराखाली डोकावला. मी स्वयंपाकघरात उगाच भांडी वाजवत होते. छान झालंय म्हणाला. आणि मग — "पण इथं कुणी काम करत नाही, असं वाटतंय."

असा राग आला! पण तो गेल्यावर नीट बघितलं. खरंच की. दवाखाना वाटतो. कवळीचा प्रत्येक कोपरा मी जिभेला खुपणार नाही इतका घासते. हाताला तीच सवय. पानेसुद्धा तसेच घासून गुळगुळीत करून ठेवलेत. पाना काय कुणी तोंडात घालणार होतं?

१६ मार्च

संध्याकाळी दादा पुन्हा हजर! खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत गाडीचं काळंकुट्ट, वापरलेलं तेल. आगपेटीतली एक काडी मागितली. जॅकखाली एक डाग. बाकाच्या पायाशी दोन. मग भिंतीवर, दारालगत, हाताच्या उंचीवर एक लांब ओघळता फराटा. जाता-येता अप्पा हात तिथे पुसायचे, म्हणाला.

झालं. गॅरेज झालं ते! मी इतके दिवस मान मोडून जे करू शकले नाही, ते याने एका काडीने केलं. मला आनंद व्हायला हवा होता. जळफळाट झाला. "पुरे आता," एवढंच म्हणाले आणि काडी त्याच्या हातातून काढून घेतली.

२२ मार्च, रविवार

अप्पा आले. दादाच घेऊन आला. खुर्ची टेबलाजवळ ओढली, चष्मा कपाळावर चढवला. एक बोट दारातून आत घातलं, बाकाला लावलं, मागच्या भिंतीपर्यंत नेलं. बोट त्या फराट्यापाशी आलं आणि थांबलं.

मान वळवून दादाला म्हणाले, "तू केलंस?"

दादा लगेच म्हणाला, "नाही अप्पा. सगळं हिनं केलंय. मी फक्त तेल सांडलं."

अप्पांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या हातांकडे. परत गॅरेजकडे. मग चष्मा नाकावर घेतला आणि म्हणाले, "चला, ऊन वाढायच्या आत निघू."

संपलं. निघालेसुद्धा!

कचऱ्यात टाकायला उचललं होतं. नवऱ्याने हातातून घेतलं आणि कपाटाच्या वर ठेवून दिलं, माझा हात पोचणार नाही तिथे.

२३ मार्च

दादाचा दोनदा फोन. उचलला नाही. काय सांगणार आहे? अप्पांना आवडलं, तुला माहितेय ना त्यांचा स्वभाव? माहितेय. त्यांचा स्वभाव तुझ्यापुरता वेगळा असतो, हेही माहितेय. अप्पांचं सगळं ह्यानेच घेतलं, आणि वर मला समजावायलाही हाच!

२४ मार्च

जेवणाच्या सुट्टीत दादा लॅबवर आला. बाहेरच्या बाकावर बसलो. म्हणाला, "परवा घरी जाताना अप्पा एकच वाक्य बोलले. ते तुला सांगणार नाहीत, म्हणून मी सांगतो. म्हणाले, चुकीचं पोर नेलं मी गॅरेजात."

"तुझ्यासमोर म्हणाले?"

"मीच तर होतो बरोबर." मग जेवलीस का विचारलं आणि कामावर गेला.

आयुष्यभर हेच ऐकायचं होतं मला. दादाच्या तोंडून नको होतं.