क्विन्सी कोणती टोपी घालणार

२२ ऑक्टोबर, बुधवार

तोंडाला कुलूप!

लॉरेटाने आज वचन घेतलं. तिच्याच स्वयंपाकघरात, बायबलवर हात ठेवायला लावून. तिचा मुलगा कुठल्या कॉलेजात जायचं त्या कागदावर सही करेपर्यंत त्याच्याशी कॉलेजबद्दल अवाक्षर काढायचं नाही. सही तीन डिसेंबरला. म्हणजे बरोबर सहा आठवडे.

"तू बोलायला लागलीस की माणसं हातातलं काम टाकून तुझ्यामागे चालायला लागतात, व्हर्नेल," म्हणाली. "मी स्वतः चालले होते, अठरा वर्षांची असताना. माझ्या पोराला तरी त्याच्या पायांनी चालू दे."

यावर काय बोलणार? तीसपेक्षा जास्त वर्षं झाली त्या संपाला. मी मासे कापायच्या कारखान्यातून बायका बाहेर काढल्या तेव्हा लॉरेटा सर्वांत लहान होती.

म्हणून ही वही. बोलले नाही तर फुटेन. आणि कागदाशी बोलायचं नाही असं वचनात नव्हतं.

तर ऐक, वही. लॉरेटाचा क्विन्सी मॅकलेमोर. वय सतरा. उंची सहा फूट पाच इंच. वजन दोनशे सत्तर पौंड. चाळीस यार्ड पळतो चार पूर्णांक सात सेकंदांत. फुटबॉलमध्ये समोरच्या संघाचा चेंडू फेकणारा आडवा करणं हे त्याचं काम. शाळकरी खेळाडूंची यादी काढणाऱ्यांनी त्याला पाच तारे दिलेत. साऱ्या मिसिसिपीत या वर्षी पाच तारे दोघांनाच, त्यातला एक आमच्या लॅनहॅमचा! आमच्या चर्चमधला. रविवारच्या शाळेत मी त्याला मोझेस शिकवला. आणि तो तीन कॉलेजांचा विचार करतोय त्यातलं एक आमचं. मेरीवेदर. काळ्यांचं, जुनं, पावसात तीन ठिकाणी गळणारं मेरीवेदर. आमचा संघ, बगळे!

आमच्याकडे आजवर आलेला सर्वांत नामी खेळाडू तीन ताऱ्यांचा. तोही एका हिवाळ्यात मोडका गुडघा घेऊन घरी गेला.

(वरचं वजन आणि सेकंद परत वाचले. मी मिनिटाला किती मासे कापते ते मुकादम असंच लिहून ठेवायचा. खोडणार होते. नाही खोडलं. चार पूर्णांक सात!)

२३ ऑक्टोबर

एक दिवस गेला. जेवताना जीभ चावली. खरंच चावली, रक्त आलं.

२५ ऑक्टोबर, शनिवार

मेरीवेदरला जुन्या विद्यार्थ्यांच्या मेळाव्याचा सामना. चौतीस-दहाने हरलो. आमच्या गुणफलकाचे निम्मे दिवे गेलेत, त्यामुळे त्यावर चौदा-दहा दिसत होतं. क्लीओफस म्हणाला, "फोटो काढून ठेव, इतके जवळ आपण पुन्हा येणार नाही."

पण हरलो कुठे? क्विन्सी आला होता! क्लीओफसने दुर्बीण आणली होती. हा चर्चचा डीकन, गावाचा न्हावी आणि बगळ्यांचा चाळीस वर्षांचा पुजारी. सामना सोडून तो पोराकडेच बघत बसला.

"कोचने पाहुण्यांसाठी मांडव घातलाय. तिथे बसला नाही."

"मग कुठे बसलाय?"

"पलीकडे, बँडला चिकटून. आपल्या लोकांत. कोंबडी खातोय."

आपल्या लोकांत! मध्यंतरात बँडचे दोनशे वाजवणारे मैदानात उतरले तेव्हा सगळं स्टेडियम उभं राहिलं, पोरगाही उभा राहिला. मध्यंतर संपल्यावर गेला. क्लीओफसला वाईट वाटलं. मी म्हटलं, आपल्या सामन्याचा दुसरा अर्धा बघायला थांबतो तो प्रेमात नसतो, तो नातेवाईक असतो.

घरी येऊन 'घरटं' उघडलं. ही आमच्या चाहत्यांची फोनवरची चावडी. मी तिथे 'डेल्टाची वीज' या नावाने लिहिते. आज तिथे आग लागली होती. क्विन्सी कुठे बसला, कुठल्या रंगाचा शर्ट होता, कोणाशी बोलला. एकाने त्याच्या बुटांच्या नाड्या मोठ्या करून दाखवल्या. नाड्या डाळिंबी. आमचा रंग. चारशे बारा उत्तरं आली!

मी एकही लिहिलं नाही. वचन पोराशी न बोलण्याचं आहे, पण पोरालाही वाचता येतं.

२८ ऑक्टोबर

कपडे वाळत घालताना चादरींना भाषण दिलं. ते असं:

एके काळी आमच्या मुलांना दुसरं कॉलेजच नव्हतं. मोठ्या विद्यापीठांची दारं बंद होती, म्हणून देशातले सर्वांत वेगवान पाय आमच्या गवतावर पळायचे. मग दारं उघडली. उघडलीच पाहिजेत, त्यासाठी माझ्या बापाने डोकं फोडून घेतलं. पण त्या दारातून आधी हाक कोणाला मारली? गणितातल्या हुशार पोरीला? छे! जो पळत होता त्याला. आमचं सगळं रिकामं करून नेलं आणि मग विचारतात, तुमचे संघ असे कसे हो?

एक पोरगा. एकच पोरगा मागे वळून म्हणू दे की मला माझ्या घरात खेळायचंय. मी अडुसष्ट वर्षांची आहे. मला ते बघायचंय.

चादरी फडफडल्या. बाकी टाळ्या नाहीत.

२ नोव्हेंबर, रविवार

चर्चच्या जेवणात क्लीओफसने डिवचलं. "सिस्टर व्हर्नेल, अलीकडे तुमच्या घशाला काय झालंय? देवाला ऐकू येईनासं झालं."

राहवलं नाही. उभी राहिले आणि सगळ्यांसमोर जाहीर केलं: तो मेरीवेदरला आला तर केस डाळिंबी रंगवीन!

लॉरेटाने काटा खाली ठेवला. मी म्हटलं, मी डीकनशी बोलतेय, त्याचे केस तर कधीच गेलेत, मग माझेच पणाला लावायला हवेत ना. सगळे हसले. क्विन्सी पलीकडच्या टेबलावर होता. तोही हसला. खाली मान घालून हसला. म्हणजे काय? म्हणजे काय!

८ नोव्हेंबर

तिघांतल्या एका मोठ्या विद्यापीठाने हेलिकॉप्टर पाठवलं. शाळेच्या मैदानावर उतरलं, पोरांच्या टोप्या उडाल्या. कोच डोक्यापासून बुटांपर्यंत चकचकीत. लॉरेटाच्या घरी दोन तास.

आमच्या कोच स्टॅलवर्थची गाडी गेल्याच आठवड्यात पुलावर बंद पडली होती.

जेवले नाही.

११ नोव्हेंबर

क्लीओफसचा फोन, धापा टाकत. "लॉरेटाच्या दारात आपल्या कॉलेजची गाडी!"

"कोच?"

"नाही. बँडमास्तर. हॉलोवेल. तास झाला, अजून आत आहे."

दोघांनाही एकदमच सुचलं. स्टॅलवर्थने सगळी फौज उतरवली! कोच, प्राचार्य, बँडमास्तर, जो भेटेल तो. बरोबर माणूस निवडला. क्विन्सी आठवीपर्यंत शाळेच्या बँडमध्येच होता. मग एका उन्हाळ्यात पाच इंच वाढला आणि फुटबॉलच्या कोचने त्याला हाताला धरून नेलं.

"पोराचा जुना हळवा कोपरा शोधून काढला बघ," क्लीओफस म्हणाला. "धूर्त आहे हा स्टॅलवर्थ."

मी त्याला इतकी वर्षं मठ्ठ समजत होते. देवा, क्षमा कर.

१६ नोव्हेंबर, रविवार

सगळं नीट लिहायचं.

दुपारी क्विन्सी आला. लॉरेटाने रताळ्याची गोड पाई पाठवली होती. ओट्याच्या पायरीवर बसला, पायरी कण्हली. मी दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसले. हात मोकळे राहिले की माझी जीभ सुटते.

"मिस व्हर्नेल, तुम्ही आजारी आहात का?"

"ठणठणीत आहे."

"आईने दम दिलाय ना?"

मी आभाळाकडे पाहिलं. तो हसला. रस्त्यावरून एक ट्रक गेला.

"फुटबॉलचं नाही विचारत. दुसरं विचारू?"

फुटबॉलचं नाही म्हणजे चालेल. विचार म्हटलं.

"कारखान्यात एप्रन काढलात, त्या दिवशी पुढे काय करायचं ते ठरलेलं होतं?"

इतक्या वर्षांत हे कोणी विचारलेलं नाही. सगळ्यांना भाषणाबद्दल ऐकायचं असतं. म्हणून खरं सांगितलं. काहीच ठरलेलं नव्हतं. लघवीला जायचं म्हणून हात वर करून उभी होते आणि मुकादम घड्याळ बघत होता. तेवढ्यात कळलं की उद्या मी इथे उभी राहणार नाही. एवढंच. एप्रन काढला, घडी केली, पट्ट्यावर ठेवला. दारापर्यंत गेले तोवर मागे कोणी येतंय की नाही ठाऊक नव्हतं.

"लोक काय म्हणाले?"

"वेडी म्हणाले. एवढी चांगली नोकरी! आईसुद्धा तेच म्हणाली."

"तुम्ही त्या कामात चांगल्या होता?"

"मिनिटाला बावीस मासे. सगळ्या ओळीत सर्वांत जलद."

"सगळ्यांत जलद होता," तो म्हणाला, "तरी सोडलंत."

मग उठला, माझी ताटली आत नेऊन धुतली आणि गेला.

मी लगेच लॉरेटाला फोन केला. म्हटलं, फक्त माशांबद्दल बोललो, शप्पथ. ती म्हणाली, "माहीत आहे. त्याने आधीच सांगितलं होतं." आणि हसल्यासारखा आवाज आला. लॉरेटा सहसा हसत नाही!

याचा अर्थ एकच. पोरगा धीर गोळा करतोय. मोठ्यांना नाही म्हणायचा धीर! हेलिकॉप्टरला पाठ दाखवणार! एवढी चांगली ऑफर सोडलीस, वेडा आहेस का, असं सगळं गाव म्हणणार आणि तो आपल्या घरी येणार. ओट्यावर नाचले. शेजारचा कुत्रा भुंकला तर त्यालाही सांगितलं. कुत्रा वचनात नाही.

१९ नोव्हेंबर

'घरट्या'त एकाने मोजून सांगितलं: क्विन्सी चार शनिवार मेरीवेदरला, दुसऱ्या दोघांकडे मिळून तीन. चारही वेळा मध्यंतरानंतर गायब. तिथल्या पोरांची मतं: अभ्यास असतो. किती गुणी पोरगा!

२७ नोव्हेंबर

थँक्सगिव्हिंग. लॉरेटाकडे जेवले. टर्की, कॉर्नब्रेड, तीन तऱ्हेच्या पालेभाज्या. क्विन्सीने चार ताटं रिकामी केली आणि टेबलाच्या कडेवर बोटांनी ठेका धरून बसला. एका काकाने विचारलं, "काय बाबा, कुठे?" मी तोंडात अख्खा पाव कोंबला. लॉरेटाने माझ्याकडे बघून ग्लास वर केला.

सहा दिवस.

१ डिसेंबर

केक!

गावात केक करणारी क्लीओफसची मामेबहीण. लॉरेटाने बुधवारसाठी मोठा केक सांगितलाय. डाळिंबी आणि पांढरा!

"वर काय लिहायचंय?" क्लीओफसने तिला विचारलं.

"नुसतं नाव. आणि पिवळ्या साखरेचं काहीतरी वेटोळं काढायला सांगितलंय."

"वेटोळं?"

"बगळ्याची मान असेल."

बगळ्याची मान! फोनवर आम्ही दोघे म्हातारे ओरडलो. क्लीओफसच्या खुर्चीतल्या गिऱ्हाइकाचा अर्धा गाल तसाच राहिला म्हणे.

३ डिसेंबर, बुधवार, सकाळ

इस्त्रीचा पांढरा ड्रेस. डाळिंबी टोपी पर्समध्ये लपवली आहे.

क्लीओफस पहाटे शाळेत जाऊन जागा धरून आला. म्हणतो, व्यायामशाळेत टेबल मांडलंय, त्यावर तीन कॉलेजांच्या तीन टोप्या ओळीत. रीतीप्रमाणे पोरगा एक उचलणार, डोक्यावर घालणार, आणि दोन कोच उठून जाणार. टेबलाखाली एक उंच खोकाही आहे.

"केकचा असेल," मी म्हटलं.

"केक वेगळा आहे. मी पाहिला."

मग असेल काहीतरी. माझं भाषण तयार आहे. सहा आठवडे मुरलंय. सही झाली की वचन संपतं. मग मी त्या व्यायामशाळेचं छप्पर उडवणार आहे.

३ डिसेंबर, दुपार

त्याने तिन्ही टोप्यांना हात लावला नाही. लॉरेटाने खोका वर दिला. त्यातून बँडची टोपी निघाली. उंच, डाळिंबी, वर पांढरा तुरा. ती डोक्यावर चढवून म्हणाला, "मी मेरीवेदरला चाललोय. बँडमध्ये. सुझाफोन वाजवायला." अंगाभोवती वेटोळं घालणारा तो भलाथोरला पितळी भोंगा. "फुटबॉल शुक्रवारी शाळेच्या शेवटच्या सामन्याबरोबरच संपला."

तिन्ही कोच बसूनच राहिले. क्लीओफस माझ्या कानात म्हणाला, "ही जागा मैदानात कुठे असते?" मागून कोणीतरी रडवेल्या आवाजात ओरडलं, "अरे, पण तू सगळ्यांत चांगला होतास!"

"हो, सर," क्विन्सी म्हणाला आणि माझ्याकडे पाहिलं.

हॉलोवेलने कागद पुढे केला, त्याने सही केली. वचन संपलं. मी उभी राहिले. एक शब्द आठवेना. उभीच राहिले. मग लॉरेटा उभी राहिली, मग बाकीचे.

पहिल्या पानावरचं वजन आणि सेकंद आत्ता खोडले.

क्लीओफसला सांगितलंय, उद्या दहा वाजता दुकानात येते. म्हणाला, "अगं, पण तो खेळणार नाहीये."

"रंग कालवून ठेव," मी म्हटलं.