नव्या कॉम्प्युटरचं लायसन्स

४ ऑक्टोबर २००८, शनिवार
जुना कॉम्प्युटर बंद पडला. घाबरण्यासारखं काही नाही. रघुमामाने वरळीहून दुसरा आणून दिला, वापरलेला. फक्त त्यातलं विंडोज ओरिजिनल नाही, म्हणून स्क्रीन दर तासाला काळी होते. फणसवाडीचे शरच्चंद्र सर पुढच्या रविवारी बघायला येणार. विंडोज ओरिजिनल असेल तरच ते घरबसल्या टायपिंगचं काम देणार. आपल्या जुन्याचं लायसन्स ओरिजिनल आहे. ते नव्यावर घ्यायचं. एका दिवसाचं काम.

५ ऑक्टोबर
लायसन्सचं स्टिकर जुन्या कॉम्प्युटरच्या डब्यावर आहे. आज काढणार होतो. घाईत फाटलं तर? आज फक्त पाहणी केली.

७ ऑक्टोबर
स्टिकरला भाताच्या पातेल्याची वाफ दिली. एक कोपरा सुटला. आई म्हणाली, भात कच्चा राहिला. बाबांना समजावलं, गिरणीत बापाची जागा मुलाला मिळायची, तसंच हे. म्हणाले, माझीच जागा संपात गेली, तुका खंयची गावतली? उदाहरण बदलायला हवं.

९ ऑक्टोबर, दसरा
स्टिकर अख्खं निघालं. नव्या डब्यावर चिकटवलं. किंचित तिरकं. ट्रान्स्फर झालं असं समजायला हरकत नाही. स्क्रीन काळी झाली. वेळ लागत असेल.
बाबांनी पूजेला हार जुन्यालाच घातला. नव्याला का नाही विचारलं. म्हणाले, तो बदली कामगार. परमनंट हो जुनोच.

१० ऑक्टोबर
जुना डबा भंगारवाल्याला दिला. आता त्याची गरज नाही. हार तसाच होता.

११ ऑक्टोबर
हेल्पलाइनला फोन केला. निव्वळ खात्री म्हणून. बाई शांतपणे बोलल्या. हे लायसन्स जुन्या मशीनबरोबर आलेलं, त्या मशीनपुरतंच, दुसऱ्यावर चढत नाही. म्हटलं, मी वारस लावतोय. त्या म्हणाल्या, जुनं दुरुस्त करून घ्या, त्यावर चालेल. आहे ना ते? म्हटलं, आहे.
भंगारवाल्याकडे गेलो. डबा चेपला होता. हार बाजूला काढून ठेवला होता.

१२ ऑक्टोबर, रविवार
सर येण्याआधी स्क्रीनवर समुद्राचा फोटो लावला. तासभर टिकतो. सर लवकर निघतील असा अंदाज. पण आईने चहाबरोबर पोहे केले. सर आणि बाबा, दोघांचं गाव मालवणकडचं निघालं. स्क्रीन काळी झाली. म्हटलं, लायसन्स वाटेत आहे. सर म्हणाले, पोचलं की कळव, तोवर काम अँटॉप हिलच्या दमयंतीला देतो. तिला एखाद्या दिवशी जमलं नाही तर बघू.
म्हणजे जवळजवळ हो म्हणाले.
बाबांना तसं सांगितलं. ते म्हणाले, म्हणजे बदली. रोज सकाळी गिरणीच्या गेटार जावन उभो रव. कोणी खाडो केल्यान तर हाक मारतत. ते स्वतः तसे किती वर्षं उभे राहिले, ते त्यांनी सांगितलं नाही.

१३ ऑक्टोबर, सोमवार, सकाळी सात
अंघोळ केली. इस्त्रीचा शर्ट घातला. कॉम्प्युटर चालू केला, फोन शेजारी ठेवला. स्क्रीन काळी झाली. बाबांनी येऊन खुर्ची जराशी फोनकडे सरकवली आणि गेले.
बसलो आहे.