वळणावरचं घर आणि माझा फलक

तीर्थस्वरूप ताईस,

घराच्या अजून उभ्या असलेल्या भागातून तुझ्या धाकट्या भावाचा नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? दाजींचा खोकला? या वयात तू गाडी चालवायला शिकलीस आणि एकटीच चालवत इकडे येणार आहेस, हे वाचून ऊर भरून आला. (ऊर भरण्याचं दुसरं कारण धूळ आहे, त्याकडे यथावकाश येतो.) आम्ही सगळे खुशाल आहोत. 'खुशाल' हा शब्द मी पूर्ण विचार करून वापरतोय: कुणाला ओरखडाही उठलेला नाही, आई शिवणाच्या मशीनशी बसलेली आहे, आणि पुढच्या खोलीतून आकाश फार छान दिसतं.

आपलं घर तुला ठाऊकच आहे. उतारावरून रस्ता सरळ आपल्या पुढच्या खिडकीकडे येतो आणि अगदी दारात आल्यावर, काहीतरी विसरल्यासारखा, डावीकडे वळतो. तू इथे होतीस तेव्हा गाडीवान झोपलेला असला तरी बैल वळायचे. आता गाडीला बैल राहिले नाहीत, डुलकी मात्र आहे तशीच आहे. (तूही सायकल शिकताना इथे वळली नव्हतीस. तुझ्या हँडलची खूण भिंतीवर इतकी वर्षं होती. ती आता भिंतीसकट गेली.)

पहिला आला तो दातांचा डॉक्टर. भर दुपारी, कुंपण पाडून, व्हरांड्यात. काच खाली करून तो अगदी शांतपणे म्हणाला, "दार उघडं होतं, आत उजेड दिसला. मला वाटलं, रस्ता आतच जातो." खरं तर मी भडकायला हवं होतं. मी भडकण्यासाठी प्रसिद्ध आहे. पण त्याच्या आवाजात असं काही होतं की मी मागे वळून पाहिलं. पुढचं दार, मधलं दार, मागचं दार एका रेषेत उघडी होती आणि पलीकडे उन्हात वाळत घातलेली चादर हळूहळू हलत होती. खोटं कशाला सांगू, क्षणभर मलाही वाटलं, जातो.

दुसऱ्या दिवशी मात्र मी रस्ते खात्यात जाऊन उभा राहिलो आणि बोललो. काय बोललो ते विचारू नकोस, दोन टेबलांवरची माणसं जेवण सोडून ऐकत होती. म्हटलं, ज्या गावात माणसाला स्वतःच्या खुर्चीत बसून रस्ता ओलांडल्याची भीती वाटते, त्या गावाने स्वतःला गाव म्हणवून घेऊ नये! साहेबाने सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाला, "गाड्या खड्ड्यात जातात तिथे आम्ही कठडा बसवतो. तुमच्याकडे खड्डा कुठंय? घर आहे. गाडी थांबते की." मी विचारलं, म्हणजे आमचं घर हाच तुमचा कठडा? तो म्हणाला, "तसं मी लिहून देणार नाही. पण बांधकाम मजबूत दिसतं."

ताई, अन्यायाविरुद्ध शेवटचं शस्त्र म्हणजे शब्द, यावर माझी श्रद्धा आहे. मी फलक लिहिला. सुरुवात होती 'हे वेगाच्या गुलामा!', मग चाकाचा शोध, मग चुलीभोवती बसलेल्या पहिल्या माणसाचा निवारा, मग भिंतीचं तत्त्वज्ञान, आणि अखेरीस, काळजाला हात घालील अशा शब्दांत, 'डावीकडे वळ'. रंगाऱ्याने कागद वितीने मोजून पाहिला. म्हणाला, "एवढं सगळं बसवायचं तर अक्षर बारीक काढावं लागेल." मी म्हटलं, काढ. एकही शब्द वगळायचा नाही.

फलक खिडकीखाली लावला आणि त्याच आठवड्यात पाववाल्याची गाडी पुढच्या खोलीत आली. तो बिचारा चाकाच्या शोधापर्यंत लांबूनच वाचत आला होता, पण निवाऱ्यापासून पुढचं नीट दिसेना म्हणून थोडा जवळ आला, मग आणखी थोडा जवळ. तो प्रसंग मला स्वप्नासारखा आठवतो. भिंत पडल्याचा आवाज झाला असणारच, पण माझ्या लक्षात आहे ती त्यानंतरची शांतता. धूळ उन्हात तरंगत होती. गाडीचा मागचा दरवाजा उघडला होता आणि पाव एकेक करून जमिनीवर उतरत होते, जणू मुक्कामाचं ठिकाण आलं. खोलीभर गरम पावाचा वास. वळण्याचा पिवळा दिवा (तो त्याने लावला होता, हेतू चांगला होता) टिकटिक करत लागत होता, विझत होता, आणि दर वेळी आईचा चेहरा उजळत होता. गाडी मशीनपासून वीतभर अंतरावर थांबली होती. आईने आधी हातातली शिवण पुरी केली, दोरा दातांनी तोडला, मग वर पाहिलं आणि पाववाल्याला म्हणाली, "बस, चहा टाकायला सांगते." तुझ्या भावजयीने तो आधीच टाकला होता. ब्रेक वाजला की ती आता आधणात एक कप पाणी वाढवते.

फलक मी ढिगाऱ्यातून काढून पुन्हा उभा केला. त्यानंतर एक सेवानिवृत्त मास्तर आले. ते पूर्ण वाचून आले होते. गाडीतून न उतरताच म्हणाले, "उत्तम आहे, पण शेवटी जोर कमी पडतो." आई मशीनवरून मला म्हणाली, "भोंग्या, सभेत तुझं भाषण कधी कोणी शेवटपर्यंत ऐकलं नाही. आता बघ, लोक घरात घुसून ऐकतात."

मग मी शब्दांवरचा विश्वास तात्पुरता बाजूला ठेवून खाणीवरून दगड आणवला. म्हशीएवढा. क्रेनवाल्याने तो खिडकीसमोर (म्हणजे आता भगदाडच, पण आम्ही अजून खिडकीच म्हणतो) अलगद ठेवला आणि मी एक छोटंसं भाषण केलं. (तुझी भावजय म्हणते, छोटं नव्हतं. असो.) आता हत्ती आला तरी घरात शिरणार नाही. पण खिडकीतून रस्ताही दिसत नाही. आईने उठून एकदा त्या दगडाकडे पाहिलं, मशीनवर कापड झाकलं आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिली. ताई, ते मशीन आपल्या जन्माआधीपासून घरात वाजतंय. ते थांबल्यावर कळलं की आपण इतकी वर्षं त्याच्या तालावर जेवत, झोपत, भांडत आलो. घर एखाद्या नांगरलेल्या होडीसारखं गप्प झालं. लोकांची कामं तशीच पडून आहेत. गावातल्या अर्ध्या विजारी लांबीला जास्त आहेत.

दगड यायच्या आधीपासून मी तिला कळकळीने सांगत होतो, मागच्या खोलीत चल. तिथे उजेड आहे, पेरूचं झाड आहे, गाड्या नाहीत. पुढच्या खेपेला ती वीतही उरणार नाही. तर म्हणायची, "मला इथूनच दिसतं." आता दगडाआड काही दिसत नाही, तरी उठत नाही. काय दिसतं, ते सांगत नाही. हा निव्वळ हट्ट आहे, आणि हट्टापुढे तर्क हरतो हे इतिहासात वारंवार सिद्ध झालेलं आहे. म्हणून हे पत्र. तू थोरली आहेस, तुझा शब्द ती खाली पडू देत नाही. तिला खडसावून लिही की मागच्या खोलीत जा. दगड तर मी प्राण गेला तरी हलवणार नाही, हा माझा निर्धार आहे.

लोभ आहेच, भिंत असो वा नसो.

तुझा,
भोंगा

ता. क. : पत्र आईला वाचून दाखवलं. मधे दोनदा तिचा डोळा लागला. शेवटी म्हणाली, "एवढं मोठं कशाला लिहिलंस? वाचता वाचता तिचं वळण चुकेल." मी विचारलं, तिचं म्हणजे कुणाचं? माझ्याकडे ती अशी बघत राहिली की मला शाळेत परत गेल्यासारखं वाटलं. तू गाडी शिकल्याचं कळवलंस तेव्हापासून, दगड येईपर्यंत, ती उतारावरच्या प्रत्येक गाडीकडे बघत होती. मला आपलं वाटत होतं, ती रहदारी बघते.

दुसरा ता. क. : दगड हलवला. (निर्धाराबद्दल नंतर कधीतरी बोलू.) तो आता कुंपणाच्या कोपऱ्यात असतो, मांजर त्यावर ऊन खातं. फलकही पुसला. रंगाऱ्याने आईला विचारलं, आता काय लिहू? तिने सांगितलं तेवढंच त्याने हातभर उंचीच्या अक्षरांत काढलं: 'हळू ये. मी खिडकीत आहे.' ताई, हे तुझ्यासाठी आहे. पण उतारावरून येणारा प्रत्येक जण वेग कमी करतो, मान वाकवून खिडकीत शोधतो, आणि आई हात करते. मिशीवाले ट्रकवालेसुद्धा हात करतात. दातांचा डॉक्टर काल रांगत आल्यासारखा आला, हसला आणि चक्क वळला. मशीन पुन्हा सुरू आहे. माझ्या मते या मजकुरात विचारांची खोली नाही, पण लोकांना तो वाचता येतो.

तिसरा, आणि खरा ता. क. : म्हणून आईला काही खडसावू नकोस. तूच ये. गवंडी भिंत बांधायला आला होता, आईने त्याला अर्ध्यावर थांबवलंय. म्हणाली, "आधी ताई येऊन जाऊ दे. वळली तर इथे खिडकी ठेव. नाही वळली, तर दार."