एका श्वासातली हाळी

मनोजभाऊ,

तीन वर्षांपूर्वी तुम्ही बार्शीटाकळीच्या बाजारात माझ्या जागेवर बसलात. "वैनी, भाजी आवाजावर इकल्या जाते. तुमी आता घरीच बसा," म्हणालात. धाप लागून माझी हाळी मधेच तुटायची, म्हणून मी बसले. सगळे दमाच समजत होते. अकोल्याच्या डॉक्टरीणबाईंना फुफ्फुसांत रक्ताच्या जुन्या गाठी दिसल्या.

नागपूरला मांडीच्या शिरेतून बारीक नळी आत नेली आणि तिच्या टोकाच्या फुग्याने बंद वाटा मोकळ्या केल्या. असं चार वेळा. मी जागी होते. पडद्यावर रिकाम्या जागेत औषध सोडलेल्या रक्ताच्या काळ्या रेषा फुटताना मी पाहिल्या.

चौथ्या खेपेनंतर डॉक्टर म्हणाले, "एका श्वासात काहीतरी बोलून दाखवा." मी हाळी दिली. "वांगी, भेंडी, चवळी, सांबाराच्या जुड्या, घ्या वो ताजं!"

नर्स धावत आली. "काय झालं वो मावशी?"

रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर आहे. तुम्ही माझ्या जागेवर दुसऱ्या कोणाला बसू दिलं नाहीत, तेही खरं.

हे पत्र टाकणार नाही. येत्या बाजाराला टोपलं घेऊन मीच येते. तुम्ही माझ्याकडे पाठ करून बसला असलात तरी कोण आलं ते कळेल.

तुमची वहिनी,
पार्बता