चौदा वर्षांपूर्वीचं परीक्षण

स्फाक्स,
१२ नोव्हेंबर २०१९

प्रिय ईनास,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. इथे ऑलिव्हची तोडणी सुरू झालीय, माझे गुडघे कुरकुरतात, बाकी ठीक.

तू दोन प्रश्न विचारलेस. पहिला सोपा आहे: शाळेच्या अंकासाठी पुस्तकाचं परीक्षण कसं लिहायचं? पुस्तक पूर्ण वाच. लिहिणाऱ्याला काय करायचं होतं ते आधी समजून घे, मग ते जमलं का ते सांग. नुसतं 'कंटाळवाणं' म्हणू नकोस. कुठल्या पानावर कंटाळलीस ते दाखव. आवडलं तर का आवडलं तेही लिही. ते जास्त अवघड असतं.

वाईट परीक्षण कसं असतं, तेही सांगते. चौदा वर्षांपूर्वी मी इथल्या पेपरात एका कवितासंग्रहावर लिहिलं. यमकं ओढूनताणून जुळवलेली होती, ते खरंच होतं. पण शेवटी मी लिहिलं, "या बाईंनी शिवणकामच करावं, तिथे टाके तरी सरळ पडतात." संपादक खो खो हसले. "जलीलाबाई, काय टोला हाणलात!" ते वाक्य गावभर फिरलं. मी जेमतेम निम्मं पुस्तक वाचलं होतं. त्याच आठवड्यात माझ्या स्वतःच्या कविता प्रकाशकाने परत पाठवल्या होत्या.

त्या बाई शिवणकामच करायच्या. अजून करतात. तुझी आई.

म्हणजे आम्ही दोघी का बोलत नाही, या तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचंही उत्तर झालं. परीक्षण छापून आलं त्या दिवशी हयातताईचा फोन आला होता. "जलीला, तुला एवढंच दिसलं का गं?"

"पेपरात मी समीक्षक आहे, ताई. बहीण घरी," मी ऐटीत म्हणाले.

तिने पुन्हा फोन केला नाही. पुन्हा कविताही लिहिली नाही, असं ऐकते.

गेल्या आठवड्यात तो संग्रह मी पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचला. यमकं आजही खटकतात. ते मी मागे घेणार नाही. पण बावन्नाव्या पानावर आमच्या आईच्या आजारपणाची कविता आहे. तिला न्हाऊ घालताना हातांना काय जाणवलं, एवढंच त्यात आहे. मला असं एकदाही लिहिता आलं नाही.

नवं परीक्षण लिहून पेपरात घेऊन गेले. आताचा संपादक तरुण आहे. "एवढं जुनं पुस्तक? कोण वाचणार, मावशी?"

"एकच जण," म्हटलं, आणि कागद परत घेतले.

ते सोबत पाठवतेय. आईला दे. वाच म्हणून तिच्या मागे लागू नकोस. तिने त्यात चुका काढल्या, तर तेवढ्या मला कळव.

तुझी मावशी,
आणि तिने म्हणू दिलं तर हयातची धाकटी बहीण,
जलीला