रामनगरचा संकल्प

अण्णा,

आज सुट्टी आहे आणि मी स्वयंपाकघरात लॅपटॉप उघडून बसले आहे. आई खाली विळीवर दुधी चिरते आहे. एका विमान कंपनीला वैमानिक हवे आहेत. अर्ज आज संध्याकाळपर्यंतच घेणार आहेत आणि पुढच्या भरतीपर्यंत माझं वय त्यांच्या अटीत बसणार नाही. म्हणजे भरायचा तर आजच, नाहीतर हा विषय संपला. सकाळपासून नाव आणि पत्ता एवढंच लिहून झालं आहे. तुम्हाला जाऊन एक तप झालं, माझं लायसन्स तुम्ही पाहिलंच नाहीत. ते आलं, कपाटात गेलं आणि मी काशीच्याच बाबतपूर विमानतळावर नोकरीला लागले. विमानात पुढे किती वजन ठेवायचं, मागे किती, याचा हिशेब मी करते. कॅप्टन सही करतात आणि उडून जातात. पूर्वी मी डोळ्यांवर हात धरून बघत तरी राहायचे, आता तेही करत नाही. थकले आहे, अण्णा. या नोकरीनं तेवढी नाही, जेवढी अर्ज करू की नको या एका विचारानं थकले आहे.

मधे एकदा अर्ज केला होता. लेखी परीक्षा झाली, मुलाखत झाली, आणि विमानाची नक्कल असलेल्या त्या बंद खोलीत बसवून जी शेवटची परीक्षा घेतात, तिथे माझे हात कापायला लागले. नापास. घरी आले तर आईनं तव्यावर थालीपीठ लावलं. तेव्हापासून, पुन्हा अर्ज का नाही केलास असं जो विचारेल त्याला सांगत आले, आईला एकटं टाकून कसं जाऊ? लोक मान डोलावतात. काशीत असल्या उत्तराला फार मान आहे.

आज मात्र सारखं गंगेच्या पूर्व तीरावरचं रामनगर आठवतंय. मी चौथीत असेन. तिकडे बदलून आलेल्या एका मराठी बँकवाल्यांकडे वास्तुशांत होती आणि आपल्या दशाश्वमेध घाटावरून नावेनं तुम्ही मला सोबत नेलं होतं. तुम्ही पाटावर बसला आहात, यजमानांच्या तळहातावर पाणी आहे आणि तुमच्या तोंडून पूजेआधीचा रोजचा संकल्प चालला आहे: कुठला देश, कुठलं क्षेत्र, कुठला महिना, कुठली तिथी. घाटावर जन्मभर म्हटलेला, त्यामुळे जीभ आपोआप पुढे जाते, ‘भागीरथ्याः पश्चिमे तीरे’, म्हणजे गंगेच्या पश्चिम तीरावर. यजमानांचं नाव-गोत्र येईपर्यंत मी चुळबुळत राहते, मग तुमचं उपरणं ओढते.

“अण्णा, पश्चिम तीर तर त्या पार राहिला ना?”

यजमान हसतात. “चालतं हो गुरुजी, देवाला समजतं.”

“देवाला समजतंच,” तुम्ही म्हणता. “आपण कुठे बसलोय ते आपल्याला समजायला हवं.” यजमानांना हातातलं पाणी ताम्हनात सोडायला लावता आणि आचमनापासून सगळं पुन्हा सुरू करता. आत पुऱ्या गार होत आहेत, पाहुणे एकमेकांकडे बघत आहेत, आणि तुम्ही जराही ओशाळलेले नाही. परतताना मला वाटलं, आता शाबासकी मिळणार. नावेत बसल्या बसल्या तुम्ही ओरडलात. “लक्षात आलं होतं ना? मग तेव्हाच का नाही बोललीस? इतकी देर का लावलीस?” मी घाट येईपर्यंत रुसून पाण्याकडे बघत बसले.

पुढे फ्लाइंग स्कूलमध्ये पहिल्यांदा एकटीनं विमान नेलं, तेव्हा रेडिओवर हेच तर सांगायचं होतं: मी कोण, कुठे आहे, किती उंचीवर आहे, आता काय करणार. बाकीची मुलं अडखळायची, मला सोपं गेलं. आपली जागा चुकीची सांगितली की पुढचं सगळं बोलणं फुकट, हे मी घरूनच शिकून गेले होते.

मघाशी आईला विचारलं, “मी गेले तर तुझं कसं होईल गं?” विळीवरचा तिचा हात थांबला. “माझं नाव नको पुढे करूस. डॉक्टरकडे मी एकटी ऑटोनं जाते, मंगळवारी भजनाला जाते, शेजारची बहू दोन वेळा डोकावून जाते. तुला भरायचा नसेल तर नको भरूस, पण मला बीचमध्ये आणू नकोस.” आणि परत दुधी चिरायला लागली. मला आधी राग आला, मग लाज वाटली. इतकी वर्षं मी रामनगरला बसून पश्चिम तीर म्हणते आहे. आईसाठी मी राहिलेलीच नाही. हात पुन्हा कापतील, पुन्हा नापास होईन, या भीतीनं राहिले आहे.

हे पत्र कुठे धाडायचं? गंगेत कागद टाकलेला तुम्हाला चालायचा नाही, त्यावरून यात्रेकरूंवर किती वेळा खेकसला आहात. तेव्हा ते घरातच राहील. मी नाव-पत्ता पुसून अर्ज पहिल्यापासून भरायला घेते आहे. निवड होईल असं वाटत नाही. पण मला उडायचं आहे, अण्णा, अजूनही. आईला हे सांगायला जीभ रेटत नाही, कारण तीही तुमच्यासारखंच विचारेल, मग तेव्हाच का नाही बोललीस?